वानखेडेवरचा बिभीषण

शाळेत डुलक्या काढलेल्या माणसालाही रामायण लख्ख आठवतं. फक्त त्याचा लाडका कर्णधार बदलावा लागतो. हार्दिक पंड्या गुजरातला २०२२चं जेतेपद मिळवून देऊन मुंबईत परतला आणि २०२४च्या आयपीएलला रोहितच्या जागी कर्णधार झाला. अहमदाबादसाठी तो सरळ बिभीषण. मुंबईकरांची पंचाईत मोठी. गडी आला होता आपल्याच घरी, मग फितुरी नेमकी कुणाशी? तरी सूर्याजी पिसाळापासून ब्रूटसपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं. रोहित अर्थातच राम, संघव्यवस्थापन कैकेयी. हार्दिकला भरत म्हणावं, तर त्यानं पादुका सिंहासनावर ठेवायला हव्या होत्या; इथे त्या प्रेक्षकांनी हातात घ्यायच्याच काय त्या राहिल्या होत्या. वानखेडेवर हुर्यो अशी उडाली, की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना ‘जरा नीट वागा’ सांगावं लागलं. (तेही मुंबईकरानं मुंबईकरांना!) मुंबई दहांत दहावी आली.

जूनमध्ये बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक याच बिभीषणानं टाकलं. ४ जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’चा गजर. सूर्याजी पिसाळाला कुणी कळवलं की नाही, कोण जाणे.