हयातीचा दाखला

पेन्शनच्या खिडकीशी स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या आजोबांना कारकून विचारतो, "हयातीचा दाखला आणलाय का?" आजोबा संतापतात. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लिनक्सच्या संगणकाला जोडायला बसलेला माणूस मात्र त्या कारकुनाला नावं ठेवणार नाही. इथला कारभार त्याहून कडक.

प्रिंटर टेबलावर, हिरवा दिवा लागलेला. केबलचं २५ पिनांचं तोंड दोन्हीकडून स्क्रू पिळून घट्ट बसवलेलं. एवढा ऐवज डोळ्यांसमोर असताना संगणक निर्विकारपणे सांगतो, असं उपकरणच नाही.

त्याचीही बाजू आहे. यूएसबीचं काहीही खोचलं की ते आपण होऊन नावगाव सांगतं. ही केबल जिथं बसते तो पॅरलल पोर्ट १९७०च्या दशकातल्या सेंट्रॉनिक्सच्या वळणाचा; विचारल्याशिवाय बोलायचा नाही. म्हणून पारपोर्ट-पीसी नावाचं मोड्यूल स्थळपाहणीला जातं. बहुधा ३७८ या पत्त्यावर. तिथं आधी १२ हा आकडा लिहितं, तोच परत वाचायला मिळतो का बघतं, मग १४ लिहून पुन्हा बघतं. जुळलं तर पोर्ट हयात. (प्रिंटर हयात आहे का, त्यासाठी वेगळा अर्ज.) बऱ्याचदा पाहणीत काहीच सापडत नाही, कारण कुणीतरी बायोसमध्ये पोर्टच बंद करून ठेवलेला असतो.

पोर्ट सापडला तरी छपाईचं टेबल एलपी या निराळ्या मोड्यूलकडे. ते रजेवर असलं तर 'मोडप्रोब एलपी' म्हणून बोलावून आणायचं. त्यात लिनक्सच्या कर्नल २.० मध्ये ३७८ वरच्या पोर्टला एलपी-१ म्हणत, २.२ पासून जो पहिला सापडेल तो एलपी-०. एखाद्या जाणत्यानं ठामपणे एलपी-१ सांगितलं, तर त्यातून प्रिंटर सापडत नाही, सांगणाऱ्याच्या वयाचा अंदाज तेवढा येतो.

अखेर एलपी-० उगवतो. फायलींची यादी धाडली की सुया करकरू लागतात. पहिली ओळ झकास. दुसरी, पहिली जिथं संपली तिथून सुरू. तिसरी आणखी उजवीकडे. युनिक्स ओळ संपली की 'खाली उतर' एवढंच सांगतं. डॉसच्या शिस्तीत वाढलेल्या प्रिंटरला 'डावीकडे ये' हेही वेगळं सांगावं लागतं. कागदावर सुबक जिना उतरतो आणि मजकूर कडेवरून बाहेर पडतो. मध्ये फिल्टर बसवला की हे सुधारतं. पण आज नको, फिल्टरचं उद्या बघू.