रंगताईंची वेबसाइट

ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीत पूर्वी शिकवणी घेणाऱ्या एक बाई, ब्लाउज शिवणाऱ्या एक आणि पोळीभाजीचे डबे देणाऱ्या एक, अशा तिघी असायच्या. आता चौथ्या आल्या आहेत. मी त्यांना रंगताई म्हणतो. या कोणी एक बाई नव्हेत. नौपाड्यात त्या आहेत, घोडबंदर रोडच्या टॉवरांत आहेत, कल्याणात खडकपाड्याला आहेत आणि डोंबिवली पूर्वेला तर असणारच. वय चाळिशीच्या अलीकडेपलीकडे. आधी बँकेत नाहीतर आयटीत होत्या, मुलाच्या दहावीसाठी नोकरी सोडली. मुलगा एकदाचा पार पडल्यावर दुपारी घर रिकामं, डोकं रिकामं, आणि हातात फोन. त्या फोनवर कोरियातल्या मुली आरशासमोर बसून गळ्याभोवती कापडं बदलताना दिसल्या. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स झाला, प्रमाणपत्र फ्रेममध्ये गेलं, आणि दारावरच्या पाटीखाली दुसरी पाटी आली: 'पर्सनल कलर अ‍ॅनालिसिस. फोन करूनच यावे.'

रंगताई काय करतात, तर तुम्हाला कोणता रंग शोभतो ते सांगतात. हे काम ठाण्यात आजवर फुकट होत होतं. राम मारुती रोडवर कुठल्याही साडीच्या दुकानात शिरा, गादीवरचा माणूस पदर तुमच्या खांद्यावर टाकून आरशाकडे बोट करणार: "ताई, तुमच्यावर हा कलर उठून दिसतो." त्याच्या नजरेत प्रत्येक बाईवर प्रत्येक रंग उठून दिसतो, आणि सर्वांत उठून दिसतो तो गेल्या दिवाळीचा न खपलेला. रंगताई पैसे घेऊन 'नाही' म्हणतात. त्यांचा सगळा धंदा या 'नाही'वर उभा आहे.

उत्तरेच्या खिडकीजवळ खुर्ची, केसांवर पांढरा रुमाल, अंगावर करडं कापड, लिपस्टिक पुसायला कापूस. मग हनुवटीखाली एकामागून एक तुकडे: आमसुली, मोरपंखी, अबोली, शेवाळी, चिंतामणी. "बघा, डोळ्यांखालचं काळं वाढलं." पुढचा तुकडा. "बघा, गेलं." पहिल्यांदा समोरच्या बाईला काहीही दिसत नाही, ती केवळ भिडेखातर मान हलवते. चौथ्या-पाचव्या तुकड्याला मात्र खरंच काहीतरी दिसायला लागतं. मी हसायला गेलो होतो, मलाही दिसलं. कापडावर पडलेला उजेड हनुवटीवर उलटतो, हे एक. आणि शेजारचा रंग बदलला की मधला रंग वेगळा भासतो, हे दुसरं. शेव्रल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबेलाँच्या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या. त्यांनी तपासलं, तर काळा ठीकच होता, शेजारचे धागे त्याला फिका दाखवत होते. १८३९ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. रंगताईंना शेव्रल माहीत नाहीत. त्यांच्या कोर्समध्ये गोष्ट थेट १९८० पासून सुरू होते.

त्या साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांचं 'कलर मी ब्यूटिफुल' आलं आणि बायकांची चार ऋतूंत वाटणी झाली: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. पुढे चाराचे बारा झाले. आता ऑटम म्हणजे पानगळ, आणि ठाण्यात पानगळीच्या दिवसांत ऑक्टोबर हीट असते. इथले ऋतू तीनच: उकाडा, पाणी तुंबणे आणि लग्नसराई. "काका, तो अंडरटोनचा विषय आहे, हवेचा नाही," असं रंगताई मला समजावतात. त्वचेच्या वरच्या रंगाखाली पिवळट झाक असेल तर उबदार, निळसर-गुलाबी असेल तर थंड. मग गडदपणा बघायचा, मग झळाळी.

इथे रंगताईंबद्दल एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे मुलीच्या रंगाची एकच मोजपट्टी होती: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. पट्टीच्या एका टोकाला स्थळं, दुसऱ्या टोकाला उपास. रंगताईंच्या खुर्चीत ही पट्टी चालत नाही. सावळ्या बाईतही थंड आणि उबदार असतं, आणि गोऱ्यापान बाईवरही मोहरीचा पिवळा पडला की ती काविळीतून उठल्यासारखी दिसते. वेबसाइटवर 'गोरे दिसा' एवढं टाकलं तर शोधात आपण वर येऊ, असं पुतण्याने सुचवलं, तेव्हा रंगताईंनी त्याच्यासमोरची चकलीची बशी उचलून आत नेली.

हा पुतण्या म्हणजे वेबसाइट करणारा. जावेचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पैसे घेत नाही, त्यामुळे त्याला काही बोलता येत नाही. मला बोलावलं जातं शुद्धलेखनासाठी. "काका, तुम्ही फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा, बाकी सगळं झालंय."

बाकी सगळं काय झालं होतं? पान उघडताच जांभळं रेशीम वाऱ्यावर लहरत जाण्याचा व्हिडिओ होता. दिवा स्टेशनला उघडायला घेतलेलं पान कळवा गेलं तरी गरगर फिरत राहायचं, आणि लोकलमध्ये उभ्याने फोन बघणारी बाई तेवढ्या वेळात दोन कुर्ते मागवून मोकळी होते. रेशीम एकदाचं लहरून झालं की मजकूर. पण तो दिसायला हवा ना! रंगताईंनी स्वतःची तपासणी स्वतःच केली होती आणि त्या 'सॉफ्ट ऑटम' निघाल्या होत्या. म्हणून वेबसाइटही सॉफ्ट ऑटम: श्रीखंडी पार्श्वभूमीवर बदामी अक्षरं.

"ताई, वाचता येत नाही."

"काका, ती हार्मनी आहे."

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किती फरक हवा, याचा वेबचा जागतिक संकेत आहे: साध्या मजकुराला निदान साडेचारास एक. पुतण्याने मोजलं, तर दोनासही एक भरेना. जगाला कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवावा ते सांगणाऱ्या बाईच्या पानावर फोन नंबर शोधायला माझा चष्मा आणि पुतण्याचे डोळे, दोन्ही लागले.

फोटो सगळे गोऱ्या साहेबिणींचे. निळे डोळे, सोनेरी केस. घारे डोळे नौपाड्यात हवे तेवढे मिळतील, पण सोनेरी केस ठाण्यात मेंदी जास्त वेळ राहिली तरच होतात. 'माझा प्रवास' या सदरात तीन परिच्छेद होते आणि त्यात 'लहानपणापासूनच मला रंगांची आवड' होती. लहानपणी ती कोणाला नसते? फी कुठेही नव्हती.

"फी लिहिली की लोक घाबरतात."

"ताई, नाही लिहिली की जास्त घाबरतात."

पत्त्याच्या जागी नुसतं 'ठाणे'. येऊरच्या पायथ्यापासून दिव्याच्या फाटकापर्यंत सगळं ठाणेच आहे.

आणि 'आधी' व 'नंतर'चे फोटो. 'आधी'मध्ये बाई ट्यूबलाइटखाली, केस विस्कटलेले, चेहरा रेशनच्या रांगेतला. 'नंतर'मध्ये तीच बाई खिडकीत, लिपस्टिक लावून हसते आहे. असं असेल तर ओढणीचा रंग कोणताही चालला असता. ही या धंद्यातली सर्वांत सर्रास आणि सर्वांत वाईट सवय आहे. एकच खिडकी, एकच वेळ, एकच चेहरा आणि बदललं फक्त कापड, असे दोन फोटो शेजारी ठेवण्याची ज्यांची हिंमत आहे, त्यांच्याकडेच जावं.

या अवस्थेत वेबसाइट सुरू झाली आणि फोन येऊ लागले. पहिला कोलशेतहून: "वन बीएचके आहे, हॉलच्या भिंतीला ओल आहे. प्लास्टिक पेंटचे किती घ्याल?" दुसरा एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा, बाहेरून रंगकामाचं कोटेशन हवं होतं, परांचीसकट. 'कलर कन्सल्टंट, ठाणे' असं शोधल्यावर दुसरं काय होणार? तिसरा फोन एका बाईंचा, त्यांची रास कन्या होती आणि शुक्रवारी मुलाखत होती. रंगताईंनी तिघांनाही शांतपणे उत्तरं दिली. सेक्रेटरींना तर इमारतीसाठी दोन शेडही सुचवल्या.

अशात नवरात्र आलं. हे नऊ दिवस रंगताईंचे भाकड दिवस. दोनेक दशकांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने नवरात्राचे नऊ रंग छापायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून या दिवसांत मुंबई-ठाण्याच्या बायकांचा रंग दुसरं कोणी ठरवू शकत नाही. लेडीज डब्यात एका दिवशी सगळा पिवळा, दुसऱ्या दिवशी सगळा करडा. बँकेत, शाळेत, महापालिकेत, सगळीकडे रांगेत उभं राहून फोटो. पिवळ्याच्या दिवशी निम्म्या डब्याला कावीळ झालेली रंगताई डोळ्यांनी बघतात आणि काही बोलू शकत नाहीत. देवीपुढे अंडरटोन कसा काढणार?

पण तिथेच त्यांना त्यांची वेबसाइट सापडली. दसऱ्यानंतर डोंबिवलीची एक गिऱ्हाईक आली. तिच्या फोनमध्ये ग्रुपचे नऊ दिवसांचे नऊ फोटो होते. तोच डबा, तीच सकाळ, तीच मैत्रिणींची रांग, बदलला होता फक्त रंग. "मॅडम, मोरपंखीच्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, आज छान दिसतेस. करड्याच्या दिवशी विचारलं, बरं नाही का?" रंगताई ते फोटो बघत राहिल्या. कोर्सवाल्यांनी शेकडो तुकड्यांचा संच विकला होता, आणि इथे अख्खा जिल्हा दर वर्षी नऊ तुकडे अंगावर टाकून स्वतःचे फोटो काढत होता.

व्हिडिओ गेला, साहेबिणी गेल्या, 'माझा प्रवास' गेला. पहिल्या पानावर आता पांढऱ्यावर काळ्या अक्षरात एवढंच आहे: 'तुमचे नवरात्रातले फोटो शेजारी शेजारी ठेवा. कोणत्या दिवशी तुम्ही थकलेल्या दिसता?' त्याखाली फी, वेळ, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, लिफ्ट आहे की नाही, आणि काय मिळेल: तुमच्या रंगांचे तुकडे, पर्समध्ये मावतील एवढे. फोटो पाठवून उत्तर मागणाऱ्यांना त्या नकार देतात. फोन आपल्या मनाने पांढरा ठरवतो, फिल्टर सगळ्यांना एकसारखं गुळगुळीत करतो. फोटोवरून शंका येते, उत्तर खिडकीतच मिळतं. न्यू जर्सीच्या एका भाचीलाही त्यांनी सांगितलं, मे महिन्यात येशील तेव्हा ये.

गिऱ्हाईक आता येतं आणि येतं ते निराळ्याच कामासाठी. रंग कळावा म्हणून येणाऱ्या थोड्या, लेखी हवं म्हणून येणाऱ्या पुष्कळ. सासूबाईंनी हौसेने राणी रंगाची पैठणी घेतलेली असते आणि सुनेला ती नको असते. "मॅडम, मला हा चालत नाही असं लिहून द्याल?" नणंदेच्या हळदीला सगळ्यांनी लिंबू रंग घालायचा असतो, त्यातून सुटायचं असतं. एका गृहस्थांनी तर बायकोला पुढे करून हळूच विचारलं, काळा सगळ्यांनाच शोभतो असं नसतं ना? कपाटात तेच भरलंय. रंगताई कोणालाही खोटं लिहून देत नाहीत. राणी रंग खरंच शोभत असेल तर सुनेला तसं सांगतात आणि फी परत करत नाहीत.

दिवाळीच्या पहाटे फडके रोडला अख्खी डोंबिवली नवे कपडे घालून लोटते. तिथे त्या कडेला उभ्या राहून पुटपुटत असतात: "चूक... चूक... अगं, हिला कोणीतरी सांगा... वा." या गावात जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आहे आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला आहे, रंगांच्या चुका इथे याहून मोठ्या होऊन गेल्या आहेत, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. समोरून अंजिरी झब्बा चालला होता.

तुम्हाला जायचं असेल तर ढगाळ दिवशी जाऊ नका, सकाळी अकराची वेळ घ्या, केसांना ताजा कलप नको आणि लिपस्टिक घरीच पुसून जा. नवऱ्याला नेऊ नका, त्याला सगळं सारखंच दिसतं. आणि घराला रंग द्यायचा असेल तर कृपा करून फोन करू नका.