टाकीखालची टाकी

फैजपुरात कोणाच्या घरी मासे बघायला गेलात आणि यजमानानं काचेसमोर खुर्ची देण्याऐवजी टाकीखालचं कपाट उघडून तुम्हाला गुडघ्यांवर बसवलं, तर गाठ सम्पवाल्या भाऊंशी आहे असं समजावं. वर चार फुटी टाकीत दोन ऑस्कर पाहुण्यांकडे बघत तोंड हलवत असतात. भाऊंची त्यांच्याकडे पाठ. माशांबद्दल काही विचारलंत तर उत्तर ठरलेलं, "ते पोरीला विचारा." पाइपाबद्दल विचारलंत, तर चहा गार होईपर्यंत सुटका नाही.

हा गृहस्थ बहुधा केळीवाला असतो. यावल-रावेरच्या पट्ट्यात तो वाढला, म्हणजे लहानपणापासून त्यानं पाण्याच्याच गप्पा ऐकल्या: कोणाचा बोअर किती फूट गेला, कोणाची मोटर जळाली, कोणाच्या लॅटरलमध्ये क्षार धरले. शेतात त्याच्याकडे सँड फिल्टर, त्यापुढे जाळीचा फिल्टर आणि खत सोडायला व्हेंच्युरी. अशा माणसाच्या घरी मुलीच्या हट्टापायी टाकी आली आणि दुकानदारानं सोबत मुठीएवढा स्पंजचा फिल्टर दिला, तर त्याला तो अपमानच वाटणार. "याच्यावर अडीचशे लिटर पाणी गाळायचं? काय थट्टा करू राहिले?"

तिथून सम्प, म्हणजे टाकीखालची गाळायची टाकी, सुरू होतो. खरं तर हा खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळवाल्यांचा शौक. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी तो घरोघरच्या हौशी लोकांत नेला. गोड्या पाण्यातल्या दोन ऑस्करांना त्याची गरज आहे का? थोडी आहे. ऑस्कर खातो भरपूर आणि घाणही तशीच करतो. पण भाऊंना गरजेपेक्षा तत्त्व महत्त्वाचं. वरची टाकी काठोकाठ भरली की पाणी सांडव्यावरून पडावं, पाइपानं खालच्या टाकीत यावं, तीन कप्प्यांतून गाळलं जावं आणि शेवटच्या कप्प्यातल्या मोटरीनं पुन्हा वर जावं. "हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत," ते सांगतात, "आपल्याला एक कंगवा पुरे." कंगवा म्हणजे सांडव्याच्या काठावर कापलेले दाते, मासा पाइपात जाऊ नये म्हणून.

सामान मुंबईहून मागवायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्याला आधार थेट इतिहासाचा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, ते फैजपूरला. अध्यक्ष पंडित नेहरू होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावठी सामानातून सारी सजावट उभी केली होती. "नंदलालबाबूंचं बांबूत भागलं, आपलं ठिबकच्या तुकड्यांत भागणार नाही?" एवढं म्हणून भाऊ गोडाऊनमध्ये शिरतात आणि टँक निपल, एल्बो, बॉल व्हॉल्व्ह, सॉल्व्हंटचा अर्धा डबा घेऊन येतात. खत गेलेला पाइप मात्र वापरत नाहीत, तेवढं भान त्यांना आहे. काचेला भोक पाडायला हिऱ्याच्या कणांचं बिट, वरून पाण्याची धार आणि काचवाल्यानं तीन वेळा दिलेली ताकीद: काच टफन केलेली असेल तर भोक पडत नाही, चुरा होतो.

भाऊंची खरी परीक्षा वीज जाते तेव्हा.

चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीत पाणी एक इंच उतरलं म्हणजे साधारण १४ लिटर खाली आलं. सांडवा ते थांबवतो, कारण काठाखालचं पाणी त्यावरून जाऊच शकत नाही. पण पाणी वर नेणाऱ्या पाइपाचं तोंड भाऊंनी 'प्रवाह चांगला खेळतो' म्हणून पातळीच्या चार इंच खाली सोडलेलं. मोटर बंद पडताच तोच पाइप उलटा वाहू लागला. ५६ लिटर पाणी खाली निघालं, खालच्या टाकीत जागा वीसेक लिटरची. उरलेलं दिवाणखान्यातून देवघराकडे. रात्री दोन वाजता भाऊंच्या आईंनी खाटेवरून विचारलं, "केळीचं पाणी घरात सोडलं काय रे?"

भाऊंनी आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. बोअरवर चालतो, इथं का चालणार नाही? आठवडाभर चाललाही. मग त्यात गोगलगाय अडकली आणि दिवाणखाना पुन्हा ओला. खरा उपाय फुकटचा होता: पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक. पातळी तिथवर उतरली की पाइपात हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. गंमत अशी की ठिबकच्या मेनलाइनवर एअर व्हॉल्व्ह कशाला लागतो, मोटर थांबल्यावर ड्रिपर चिखल कसा ओढून घेतात, हे याच भाऊंनी निम्म्या गावाला समजावलेलं. शेतात कळलेलं घरात कळायला दोन पूर यावे लागले. आता फैजपूरच्या जड पाण्यानं भोक बुजू नये म्हणून दर रविवारी ते सेफ्टी पिन घेऊन उभे असतात.

पुढचं भांडण आवाजाचं. सांडव्याचा पाइप पाण्याबरोबर हवा गिळतो आणि रात्रभर गुडगुडतो. वरच्या तोंडाला टी, टीच्या डोक्यावर टोपी, टोपीला भोक, अशी जोडणी केली की तो शांत होतो. भाऊंनी भोक मोठं पाडलं, लहान पाडलं, टेफ्लॉन टेपनं अर्धं बुजवलं. घरातली माणसं ओट्यावर झोपायला गेली. तिसऱ्या आठवड्यात गुडगुड थांबली, तेव्हा भाऊंनाच झोप येईना. पाइप तुंबला की काय, म्हणून बॅटरी घेऊन उठत.

एका बाबतीत मात्र त्यांना मानायला हवं. नव्या टाकीत लोक पहिल्याच दिवशी मासे सोडतात आणि ते अमोनियानं मरतात. भाऊ थांबले. जीवामृत कालवणाऱ्या माणसाला जिवाणू वाढायला वेळ लागतो हे पटवावं लागत नाही. अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू मधल्या कप्प्यातल्या प्लास्टिकच्या घासण्यांवर वाढेपर्यंत महिनाभर त्यांनी मासे न सोडता पाणी फिरवलं. त्या महिन्यात बिनमाशांची टाकी बघायलाही त्यांनी पाहुणे बोलावले, आणि तेच दिवस सर्वांत सुखाचे गेले असं ते सांगतात. बदललेलं पाणी परसातल्या केळीच्या बुडाशी जातं. शेजारीण मासे मागत नाही, बादली घेऊन येते.

मे महिना वेगळाच. बाहेर ४५ अंश, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा सांडव्यावरून पडताना हवा घेणारं पाणी माशांना तारतं. पण वाफ झालेल्या पाण्याची घट वर दिसतच नाही. वरची टाकी तुडुंब, आणि सगळी तूट मोटरीच्या कप्प्यात. संध्याकाळपर्यंत मोटर हवा ओढून घरघरते. भाऊ लग्नाला गेले तरी पंगतीतून घरी फोन लावतात, "तिसऱ्या कप्प्यात दोन तांबे टाका."

परसात जुना सिमेंटचा हौद आहे. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्याच्या माणसानं त्यात मूठभर गप्पी मासे सोडले होते. मोटर नाही, फिल्टर नाही, कोणी कधी दाणा टाकला नाही. आता शेकड्यानं आहेत. आईंनी एकदा ते भाऊंना दाखवलं. भाऊ हौदाभोवती फिरले, खिशातून टेप काढला आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजू लागले.

"त्याला भोक पाडशील तर बघ," आई म्हणाल्या.