पंगती पाच, दोरी एकही नाही

वहिनी, आल्या का नागपूरहून? बरं झालं. इकडून या, तिथं नळापाशी निरा शेवाळ झालं आहे, घसराल. नातवाचं मग सांगा, आधी हे ऐका. तुम्ही तिकडं गेल्या आन् इथं आर्णीत दिंडी अडकली.

अडकली म्हणजे अडकलीच. वर्ध्याकडली होती, शंभरेक माणूस, त्यात बायाच जास्त. एका रात्रीचा मुक्काम, झाला दोन रात्रींचा. यवतमाळ सोडल्यापासून पाऊस पाठीमागं लागलेला. इथं येईपर्यंत अरुणावती दुथडी. पुढं कोसदनीचा घाट, मग नालेच नाले. त्यांचे विणेकरीबुवा म्हणाले, पाणी उतरल्याशिवाय पाय उचलायचा नाही. शहाणा माणूस. 2021 च्या सप्टेंबरात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात नांदेडहून नागपूरला जाणारी एसटी वाहून गेली, ते आपल्या भागात कोण विसरन? एसटी जाते, तं टाळ-पताका घेतलेल्या बाया काय टिकतीन!

उतरवलं शाळेत. आपल्याकडं शाळा उघडते जूनच्या शेवटी, म्हणून वर्ग रिकामे होते, नाहीतर कुठं झोपले असते देव जाणे.

आन् मग सुरू झाली आपल्या गल्लीची खरी वारी! सकाळी आठ वाजेपर्यंत पाच पंगती ठरल्या. किराणावाल्यांची बुंदी, मागच्या आळीची पुरी-भाजी, कोणाची खिचडी, कोणाचा शिरा. एक भाऊ तं रोडग्याची पंगत देतो म्हणून अडून बसले. मी म्हटलं, भाऊ, एवढ्या पावसात गोवऱ्या कशा पेटतीन? तं म्हणे, रॉकेल टाकू! रोडगे आन् रॉकेल! बाप्पा, वांग्याची भाजी तरी वाचवा म्हटलं.

त्या बाया बिचाऱ्या नाही म्हणत नाहीत. माउली-माउली करत दोन घास खातात, पुन्हा पुढच्या पंगतीला बसतात. दुपारी एक म्हातारी मला हळूच म्हणते, "पोरी, जेवण लय झालं वं. दोरी आहे का तुह्याकडं उलशीक?"

दोरी! शंभर माणसांची ओली लुगडी, धोतरं, सतरंज्या, आन् वाळत घालायला खिडकीच्या गजाशिवाय काही नाही. नऊवारी भिजलं म्हणजे उचलवत नाही, माहीत आहे ना? यांना पाठवलं बाजारात, नायलॉनची दोरी आणली, वर्गाच्या या खिडकीतून त्या खिडकीत ताणली. पंखे सुरू केले. दोन तासांनी लाइट गेली, ते सोडा.

मग मी विचारायलाच लागली, काय पाहिजे, काय पाहिजे. तेव्हा एकेक निघालं. सामानाच्या गाडीची ताडपत्री फाटलेली, ज्वारीचं पीठ भिजून गोळे झालेलं. ते गेलं ढोराच्या पुढ्यात. नवीन ज्वारी घ्यायला पैसे होते त्यांच्याकडं, पण लाइट नाही तं गिरणी बंद. दळण मिळालं रात्री नऊला. चार जणांच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या. एकीनं तं ओल्या पिशवीतल्या विरघळलेल्या गोळ्यांची पट्टी तशीच जपून ठेवली होती. पायांना चिखल्या, बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरीफट्ट. औषधाच्या दुकानवाल्या भाऊनं मलम दिलं आन् दमही दिला, पाय कोरडे ठेवा म्हणून. कोरडे कसे ठेवतीन, सांगा! नागपूर-तुळजापूरचा तो सिमेंटचा चौपदरी रस्ता, बाजूनं ट्रक पाणी उडवत जाते. चपला शिवणाऱ्या दादांनी सांजपर्यंत मान वर केली नाही. आन् युरियाच्या रिकाम्या थैल्या. एक बाजू उसवायची, एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचा, झाली खोळ. आपल्या कोठ्यातल्या सगळ्या देऊन टाकल्या.

मोबाइलचं तं विचारूच नका. आमच्या सपरीत एका बोर्डावर वीसेक फोन. मी मनात म्हटलं, वारीत कशाले लागते एवढा फोन? तं एक बाबा आले, हिंगणघाटकडचे. फोन लागला आन् सुरू झाले पोराशी, "पडला का आपल्याकडं? किती पडला? पेरू नको अजून. कोपऱ्यातल्या धुऱ्यापाशी खोदून पाहा, ओल चार बोटं खाली गेली का. माती मुठीत दाब, फुटली तं थांब." मी म्हटलं, बाबा, 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषीवाले दरसाल सांगतातच की. तं म्हणे, सांगतात ना, पण पोरगं माह्यंच ऐकत नाही तं कृषीवाल्यांचं कुठून ऐकन! पांडुरंगाकडं पाय आन् वावराकडं कान. बियाण्याची बॅग एकदा वाया गेली म्हणजे काय होते, हे कापूसवाल्या जिल्ह्यात कोणाले सांगायला पाहिजे?

पखवाजही बसला होता. कातडं सैल पडून थाप मारली तं नुसतं भद्द वाजे. मृदंगी बुवांनी चुलीपासून हातभर अंतरावर धरून शेकला, डाव्या तोंडावर ओली कणीक बसवली. कणीक माह्या घरची, सांगून ठेवते.

शेगावच्या पालखीची गोष्ट निराळी. सातशे वारकरी, सारे एका शिस्तीत, पाठीमागं संस्थान, औषधपाणी सोबत. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीची पालखी तं 1594 पासूनची सांगतात. तिले वाटंवर सारे ओळखतात. पुण्याकडच्या दोन मोठ्या पालख्यांना निर्मल वारीचे फिरते संडास. या लहान दिंडीमागं कोण? एक गाडी, एक आचारी आन् वाटंतल्या गावांचे नळ.

आता खरी गोष्ट. उलसं जवळ या. शाळेत संडास दोन, त्यातला एक तुंबलेला. साठ-सत्तर बाया कुठं जातीन भर पावसात? मी आमची न्हाणी उघडून दिली, समोरच्यांनी दिली. कोपऱ्यावरच्या भाभींनी काय केलं? कुलूप! म्हणे फरशी नवीन बसवली आहे. आन् हेच घर पंगतीत सगळ्यात पुढं. बुंदीसाठी भला मोठा पितळी गंज पाठवला, सासऱ्यांचं नाव कोरलेला, ते नाव लोकांकडं तोंड करून ठेवायलाही माणूस उभा!

तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी उतरलं आन् दिंडी निघाली. घाईघाईत गाडी भरली. उमरखेडहून त्यांच्या आचाऱ्याचा फोन आला, ताई, एक गंज चुकून आमच्यासोबत आला, वर नाव आहे, कोणाचा? मी म्हटलं, असू द्या, जड आहे, पण पिठाले झाकण होईन.

भाभी रोज विचारतात, फोन आला का. मी म्हणते, एकादशी होऊ द्या. तोपर्यंत चंद्रभागेच्या वाळवंटात सासऱ्यांचं नाव सगळा महाराष्ट्र वाचतो की नाही!