वृक्षारोपण उत्साहात संपन्न

दहावीच्या मराठी कुमारभारतीत बातमीलेखनाला 5 गुण आहेत. भातकुली तालुक्यातल्या मास्तरांनी ते पोट्ट्यांच्या पदरात सुखरूप कसे पाडावेत, यासाठी हे मार्गदर्शन.

आधी विषय. वृक्षारोपण सर्वांत सुरक्षित. आपला तालुका पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. विहिरीला पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही. पाऊस आहे तोवर रोपटं तग धरतं, पुढे घालायला गोडं पाणी नसतं. पण बातमी झाड लावल्याची असते, जगल्याची नव्हे, हे फळ्यावर ठळक लिहून द्यावं.

मग रचना. महत्त्वाचं वर, किरकोळ खाली, कारण जागा कमी पडली की उपसंपादक शेपटाकडून कापतो, असं पुस्तकं सांगतात. काय, कोण, कुठे, कधी, का, कसे हे सगळं सुरुवातीलाच यावं म्हणे. आपण त्यातलं 'कोण' तेवढं घ्यावं. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख अतिथी, सरपंच, शाळा समिती, सूत्रसंचालन, आभार. जागा उरल्यास झाड. यावर कोणी शहाण्याने नाक मुरडलं, तर तालुक्याच्या वार्ताहराचं पोट कशावर चालतं ते त्याला विचारावं. बहुधा अंकांची एजन्सी त्याचीच असते आणि 15 ऑगस्टच्या शुभेच्छा-जाहिरातीही तोच गोळा करत फिरतो. छापलेलं एकेक नाव म्हणजे खपलेला एकेक अंक. शेपूट कापलं की नेमके आभार मानणारे जातात, आणि सकाळी पहिला फोन त्यांचाच येतो.

'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन असतो. वार्ताहराचा सत्कार करावा. त्याची बातमी तो स्वतःच लिहितो; तीच नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवावी.

तपासणी तर फारच सोपी. शीर्षकात 'उत्साहात' असेल तर 1 गुण, 'संपन्न'ला 1, 'आमच्या वार्ताहराकडून' याला 1, तारीख-स्थळाला 1, हस्ताक्षराला 1. मजकूर वाचावा लागत नाही, गठ्ठा दुपारच्या चहाआधी उरकतो.

धोका एकच. शेवटच्या बाकावरची एखादी पोट्टी उभी राहते : "सर, मांगच्या सालचे झाडं त वायले. ते लिवू काय?" अशी पोर तेवढ्यावर थांबत नाही. ती खड्डे मोजते, शिपायाला गाठते, यंदाची रोपं मागच्याच खड्ड्यांत लागली हे त्याच्याकडून वदवून घेते, टँकर कधी बंद झाला तेही विचारते, आणि पहिल्याच वाक्यात सगळं सांगून मोकळी होते. नाव एकाचंही नाही! पेपरावर लाल शाईने 'विषयांतर' लिहावं. तारीख-स्थळ आणि हस्ताक्षर यांचे मिळून 2 गुण देणं भागच आहे, ते द्यावेत. वार्ताहर चहाला यायच्या वेळी तो पेपर टेबलावर ठेवू नये. पुढच्या वृक्षारोपणात मात्र पोरीला रोपटं हातात देऊन फोटोत सर्वांत पुढे उभं करावं. मोजायला मागे राहत नाही.