मागून येणाऱ्याची जागा

काही वर्षांपूर्वीचा जुलैमधला शनिवार. टोलार खिंडीनंतर धुक्यात वाट चुकलो आणि हरिश्चंद्रगडावर पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले. आम्ही चौघे, चिंब भिजलेले. एकाचे दात वाजत होते. देवळाजवळच्या गुहेत दहा-बारा जण आधीच आलेले. वीस माणसं दाटीवाटीने झोपतील एवढी जागा, पण निम्म्या जमिनीवर सॅका पसरलेल्या, स्पीकर चालू. ‘‘फुल्ल आहे,’’ आतून आवाज आला.

गुहा फुल्ल होत नाही. सॅका भिंतीला लागल्या, माणसं सरकली की जागा होते. आधी पोचलेल्याला हक्क मिळत नाही, त्याच्यावर जबाबदारी येते. कारण तो कोरडा असतो आणि मागून येणारा भिजलेला.

न्यूझीलंडच्या डोंगरांत तिथल्या सरकारच्या नऊशेहून जास्त झोपड्या आहेत. कित्येक ठिकाणी राखणदार नसतो. तरी उशिरा आलेल्याला सरकून जागा द्यायची, निघताना चुलीजवळ कोरडं सरपण रचून ठेवायचं, ही तिथली रीत. झोपडीतल्या वहीत पुढची वाटही लिहायची, मुक्काम नसला तरी. कोणी हरवलं तर शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून कळतं. हे सगळं कधी न भेटणाऱ्या माणसासाठी!

आपल्याकडे सुधागडावर पंतसचिवांचा वाडा आहे, रतनगडावर गुहा आहे. तिथे सांडलेला भात उंदरांना बोलावतो, आणि रात्री ते पुढच्या मुक्कामकऱ्याची सॅक कुरतडतात. गुहेत प्लॅस्टिक जाळलं की त्याची काजळी छताला कायमची बसते.

पण मला सर्वांत जास्त राग येतो तो टाक्यात खरकटी भांडी बुडवणाऱ्यांचा. गडावरची बहुतेक टाकी पावसानेच भरतात. पाऊस सरला की ते पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असतं. त्याला वाहता झरा नाही, साबण वाहून जाणार कुठे? एका पातेल्याचा तेलकट तवंग महिनोन्‌महिने तिथेच राहतो, आणि मार्चच्या उन्हात कोरड्या घशाने वर आलेला माणूस त्यातच बाटली बुडवतो. पाणी भांड्याने काढून घ्या, टाक्यापासून लांब जाऊन भांडी घासा. पन्नास पावलं चालायचा कंटाळा येतो? गड तर चढून आलात!

त्या रात्री आम्ही गुहेच्या तोंडाशी बसलो. झड आत येत होती. थोड्या वेळाने त्यांच्यातला सर्वांत लहान मुलगा उठला, स्पीकर बंद केला, आपली कॅरीमॅट गुंडाळली आणि कुडकुडणाऱ्या आमच्या मित्राला म्हणाला, ‘‘काका, तुम्ही आत या. मी बसतो इथे.’’ मग एकेक करत बाकीच्यांच्या सॅकाही हलल्या. दहाच मिनिटांत चौघांच्या पाठी जमिनीला टेकल्या.