किरकोळ दुरुस्त्या

माझ्या प्रॉक्सी सर्व्हरबद्दल देहूरोडमध्ये दोन मतं आहेत. एक माझं: असला सर्व्हर हिंजवडीत दुसऱ्या कुणाला लिहिता आला नसता. दुसरं उरलेल्या देहूरोडचं. ते अजून कुणी तोंडावर बोललेलं नाही, पण मी विषय काढला की माणसांना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.

तो सीमध्ये लिहिलेला आहे, हे मी न विचारता सांगतो. हल्लीच्या भाषांत मेमरीची उस्तवार भाषाच करते. सीमध्ये मेमरी आपण मागायची, आपणच परत करायची आणि विसरलो तर रात्री तीनला फोनही आपल्यालाच येणार. या शेवटच्या कलमाचा मला इतका अभिमान आहे की बरेच दिवस फोन आला नाही तर आपण रिटायर झालोय की काय, अशी शंका येते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर वाढलेली आमची पिढी. प्रोग्रामच्या सुरुवातीला पडदा पुसायचा, शेवटी कुणी बटण दाबेपर्यंत थांबायचं, आणि मधे काय लिहायचं ते एक्स्टर्नल कोण येणार आहे त्यावर ठरायचं. तिथून निघालेला माणूस मल्टिथ्रेडेड प्रॉक्सीपर्यंत पोचला, याचं कौतुक सोसायटीच्या वार्षिक सभेत व्हायला हरकत नव्हती. तिथे पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

वास्तविक देहूरोडकराला प्रॉक्सी समजावून सांगावाच लागू नये. पुण्यात कुठेही आमच्या गावाचं नाव घ्या, समोरचा एकतर ‘कात्रज-देहूरोड बायपास’ म्हणतो, नाहीतर ‘तुकाराम महाराजांचं का?’ विचारतो. महाराजांचं देहू पुढे, इंद्रायणीकाठी. माणसं आमच्या स्टेशनावर उतरतात, तिकडे जातात, दर्शन घेऊन परत आमच्याच स्टेशनावर लोणावळा लोकलची वाट बघत बसतात. देव तिकडे, भक्त इकडचा, आणि मधल्यामधे आम्ही. प्रॉक्सीचा धंदा हाच. एका बाजूला ब्राउझर, दुसऱ्या बाजूला खरा सर्व्हर. दोघांशी एकेक सॉकेट उघडायचं, इकडचं तिकडे नि तिकडचं इकडे पोचवायचं. श्रेय कुणी देत नाही. चुकलं की मात्र सगळ्यांना पत्ता सापडतो.

गिऱ्हाईक एकच असेल तर हे काम कुणीही करेल. शेकडो एकदम आले की प्रत्येकामागे एक थ्रेड लावावा लागतो, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. सॉकेट म्हणून कर्नल तुमच्या हातात काय ठेवतो? एक आकडा. शून्य, एक, दोन आधीच वाटलेले असतात, म्हणून बहुधा तीनपासून पुढे. नियम असा की नव्या माणसाला रिकाम्या आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा द्यायचा. हा नियम युनिक्सच्या जुन्या काळचा आहे. एक नंबर बंद केला की पुढे उघडलेली फाइल नेमकी एक नंबरलाच बसायची आणि प्रोग्रामचं आउटपुट पडद्याऐवजी फाइलीत जायचं; तेवढ्या सोयीसाठी तो फार छान होता. सॉकेटं आली १९८३ साली, बर्कलेच्या ४.२ बीएसडीबरोबर. थ्रेडचं पॉझिक्स प्रमाण ठरलं १९९५ साली. मधली बारा वर्षं साधारणपणे एका प्रोसेसमध्ये काम करणारा एकच असायचा. आकड्यांची अदलाबदल करायला घरात दुसरं होतं कोण? एरर नंबर ठेवायची जागासुद्धा सगळ्यांत मिळून एकच. थ्रेड आल्यावर ती प्रत्येकाला वेगळी काढून द्यावी लागली. आकड्यांचं कपाट मात्र एकत्रच राहिलं.

आमच्या टीममध्ये एक पोरगा आहे. गुणी, नम्र, मला ‘सर’ म्हणणारा, त्यामुळे त्याच्या कोडकडे मी दुप्पट संशयाने बघतो. त्यानं एक झाडूवाला थ्रेड लिहिला. काम एवढंच की, बराच वेळ गप्प बसलेली कनेक्शनं शोधायची आणि बंद करायची. रिव्ह्यूत सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान सर्वांत वरिष्ठ होती.

आता बघा काय होतं. समजा, पहिल्या गिऱ्हाइकाचं सॉकेट सात नंबरचं. त्याचा थ्रेड पलीकडच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत थांबलाय. सात हा आकडा त्यानं आपल्या खिशात जपून ठेवलाय. झाडूवाला येतो, सात नंबर फार वेळ हललेला नाही असं बघतो, बंद करतो, पुढे जातो. त्याच क्षणी दुसरं गिऱ्हाईक दारात येतं. कर्नल कपाट उघडतो. सगळ्यात लहान रिकामा आकडा सात. घे बाबा. एवढ्यात पहिल्या थ्रेडला उत्तर मिळतं. तो प्रामाणिकपणे खिशातला आकडा काढतो आणि पहिल्याचं उत्तर सात नंबरवर पाठवून देतो. एरर नाही, क्रॅश नाही, कोअर डम्प नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं आणि क्रिकेटचा स्कोअर मागणाऱ्याच्या हातात कर्जाच्या हप्त्यांचं अर्धं कोष्टक पडलं. टेस्टिंगमध्ये पडलं, ही त्या तुकोबांची कृपा.

हा बग इतका लाजाळू की बघायला गेलं की दिसत नाही. मी जागोजागी प्रिंटएफ टाकले, तर तो गायबच झाला. प्रिंटएफ आतल्या आत स्वतःचं कुलूप लावतो, त्यामुळे सगळे थ्रेड रांगेत येऊन सभ्य वागायला लागतात. प्रिंटएफ काढले की पुन्हा तमाशा. वरून सूचना आली, ‘सर्व्हर रिस्टार्ट करून बघा.’ या वाक्याची मला मनापासून चीड आहे. रिस्टार्ट केल्यावर सगळंच नीट चालतं. म्हणून काय रोज सकाळी बारसं करायचं?

खरं सांगतो, आतून मी खूश होतो. असा बग मिळायला नशीब लागतं. मी तो घरी सांगितला, दाढी करणाऱ्याला सांगितला, तळेगावच्या एका लग्नात जिलबीच्या रांगेत सांगितला. तिथे वजन पडावं म्हणून १९९७ सालचं मंगळावरचं पाथफाइंडर यानही मधे घातलं. एका कुलपापायी थ्रेडची अशीच गाठ बसून ते यान मंगळावर पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं आणि इंजिनिअरांनी पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली. मुलाकडच्यांना वाटलं, मी इस्रोत आहे. मी घाईनं खुलासा केला नाही.

इथे मला रेल्वेकडे वळल्यावाचून राहवत नाही. बायको म्हणते, ‘अहो, तुम्ही मयताला जाऊनही गोळ्याची गोष्ट सांगाल.’ सांगितली आहे. आमच्या मामांची नोकरी एकेरी मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनात गेली. रूळ एकच, गाड्या दोन्ही दिशांच्या. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी साहेबाच्या काळापासून एक यंत्र असायचं, नीलचं बॉल टोकन. लोखंडी, उभं, गुडघे न वाकवणाऱ्या हेडमास्तरासारखं. शेजारच्या दोन स्टेशनांत अशी दोन यंत्रं, मधे तार. यंत्राच्या पोटात पोलादी गोळे. ड्रायव्हरच्या हातात गोळा नसेल तर त्यानं स्टेशन सोडायचं नाही, मग आत साक्षात जनरल मॅनेजर का बसलेला असेना. आणि खुबी पुढेच आहे: एका यंत्रातून गोळा बाहेर पडला की दोन्ही यंत्रं मुकी. तो गोळा इकडच्या किंवा तिकडच्या यंत्राच्या पोटात परत गेल्याशिवाय दुसरा निघणार नाही, तुम्ही कितीही घंटी वाजवा.

न थांबणाऱ्या गाडीला गोळा द्यायची रीत बघायला मी सुट्टीत मामांकडे जायचो. वेताचं मोठं कडं, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत गोळा. पोर्टर फलाटाच्या टोकाला कडं उंच धरून उभा. इंजिन धडधडत यायचं, आतला माणूस एक कडं फेकायचा आणि त्याच झपाट्यात दुसरं दंडात अडकवून घ्यायचा. पोर्टर जराही हलायचा नाही. हलायचे ते आमच्यासारखे, तेही टिनाच्या शेडमागे. फेकलेलं कडं गवतात गेलं की ते हुडकून आणायचा मान मला. मी धावत आणून दिलं की मामा आधी पिशवी उघडून गोळ्यावर कोरलेली स्टेशनांची नावं वाचायचे. ड्रायव्हरही वाचायचा. गोळा हातात असणं पुरेसं नव्हतं, तो त्याच मधल्या टापूचा आहे हे बघायलाच लागायचं. नेदरलंड्सच्या डाइक्स्ट्रानं एका वेळी एकालाच आत सोडायचं गणित १९६५ साली कागदावर मांडलं आणि त्यासाठी सेमाफोर हे नावही रेल्वेच्या सिग्नलवरूनच उचललं. सगळं कॉम्प्युटरशास्त्र त्याला नमस्कार करतं, मीही करतो. पण त्याच्या आधीपासून आमचे मामा खाकी हाफ पँटमध्ये तेच करत होते, आणि त्यांना कुणी पेपर वाचायला बोलावलं नाही. पुणे-लोणावळा मार्ग दुहेरी असल्यामुळे देहूरोडच्या पोरांना हे वैभव बघायला मिळालं नाही. मुद्दा असा, की आमच्या पोराच्या झाडूवाल्यानं गोळ्यावरचं नाव वाचलं नव्हतं.

दुरुस्ती सोपी होती. सॉकेट ज्याचं, बंद करायचा हक्क त्याचाच. झाडूवाल्यानं क्लोज म्हणायचंच नाही, शटडाउन म्हणायचं. त्यानं बोलणं तुटतं, त्या सॉकेटवर वाट बघत झोपलेला थ्रेड जागा होतो, पण आकडा कपाटात परत जात नाही. मालक उठतो, आवराआवर करतो आणि शेवटी स्वतःच्या हातानं क्लोज करतो. तेही एकदाच. लिनक्समध्ये क्लोज मधेच अडखळून ‘व्यत्यय आला’ म्हणाला, तरी आकडा सुटलेला असतो. पुन्हा क्लोज केलंत तर दुसऱ्याच कुणाचा तरी गळा दाबाल. बदल थोड्याच ओळींचा. त्याखाली मी लिहिलेली टिप्पणी मात्र बरीच मोठी आहे आणि तिच्यात मामा आहेत.

हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माझा एकच श्रोता: माझे वडील, अण्णा. अण्णा देहूरोडच्या डेपोत स्टोअरकीपर होते. हल्ली त्यांना कालचं आठवत नाही, त्यामुळे माझा बग त्यांना रोज नवा असतो. रोज ते त्याच ठिकाणी मला थांबवतात. ‘झाडूवाल्यानं बंद केलं? व्हाउचर कुणाचं होतं?’ आमच्या रिव्ह्यूत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

महिन्यापूर्वी एका संध्याकाळी अण्णा फिरायला गेले ते आलेच नाहीत. स्टेशन पाहिलं, बाजार पाहिला, सेंट्रल चौकात पानवाल्याला विचारलं. मग अनोळखी नंबरवरून फोन आला आणि मी आमच्या जुन्या क्वार्टरवर गेलो. रिटायर झाल्यावर सोडलेलं, माझं लहानपण गेलं ते. आता तिथे ओडिशाकडचं कुटुंब राहतं. अण्णा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांच्या शाळकरी मुलाला, खोलीत कुणी नसताना पंखा चालू ठेवल्याबद्दल बोलत होते. मुलगा ‘जी’ म्हणून पंखा बंद करून आला. मला बघून अण्णा म्हणाले, ‘आलास? यांना चहा विचारला का कुणी?’ यांना म्हणजे ज्यांचं घर त्यांना. त्या बाई आतून चहा घेऊन आल्या आणि पाहुण्यासारख्या कडेला टेकून बसल्या.

निघताना मी माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, ‘आते रहते हैं, भैया. पूछते हैं, बिजली का बिल भरा क्या. मैं बोलती हूँ, भर दिया. फिर चले जाते हैं.’ त्या दिवशी अंधार पडला म्हणून त्यांनी अण्णांच्या वहीतला माझा नंबर शोधून काढला होता.

येत राहतात. म्हणजे मी तळेगावच्या लग्नात मंगळावर असताना हे चाललं होतं. जुना आकडा खिशात ठेवून चुकीच्या दारात उभ्या राहिलेल्या थ्रेडला मी ऑफिसात काय काय नावं ठेवली होती, ती मला त्या दारात उभं राहून आठवली. स्कूटरवर मागे बसल्यावर अण्णांनी विचारलं, ‘आपण कुठे निघालो?’ मी म्हटलं, विकासनगरला, कामानं. ‘लवकर येऊ,’ ते म्हणाले, ‘पाहुणे आलेत.’

गेल्या आठवड्यात सर्व्हरची नवी आवृत्ती बाहेर पडली. सोबतच्या पत्रकात माझं संशोधन, गोळा, मामा, मंगळ, सगळं मिळून एक ओळ होती: किरकोळ दुरुस्त्या. नाव नाही, आद्याक्षरंसुद्धा नाहीत. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून कागद उलटा-सुलटा करून पाहिला. ‘सही कुणाची?’

‘नसते सही.’

‘सहीशिवाय काम चढतं कसं?’ अण्णा खवळले. त्यांनी कागद मागितला, पेन मागितलं आणि जेवायच्या टेबलावर बसून सुवाच्य इंग्रजीत अर्ज लिहिला. टू द कमांडंट, थ्रू प्रॉपर चॅनेल. आपल्या मुलानं केलेल्या कामाची नोंद त्याच्या सर्व्हिस बुकात घेण्यात यावी, ही विनंती. खाली सही, हुद्दा, आणि उत्तरासाठी पत्ता: जुन्या क्वार्टरचा.

मी तो पोस्टात टाकलेला नाही. पण त्या बाईंना फोन करून सांगून ठेवलंय की, उत्तर आलं का असं अण्णांनी विचारलं, तर साहेब रजेवर आहेत म्हणा.